कॉलेजातून सुट्टी घेतली आणि ‘शाळेत’ जाऊन बसले : चित्र काढण्याची गोडी परत आल्यावर पुढे काय?

ओलीमाती
नमस्कार. बरीच वर्षे मूक वाचक आहे आणि हा माझा पहिलाच धागा आहे, तेव्हा लांबला तर सांभाळून घ्यावे.

मी मुंबईतल्या एका कला महाविद्यालयात रंगकलेची पदवी घेत होते. ‘होते’ लिहावे की ‘आहे’, हाच खरे तर या धाग्याचा प्रश्न आहे. दुसरे वर्ष पूर्ण झाल्यावर गेल्या जूनमध्ये मी एक वर्षाची सुट्टी घेतली. घरी पाठदुखीचे कारण सांगितले. ते खोटे नव्हते, पण त्यामागे दुसरे कारण होते ते सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मला चित्र काढावेसेच वाटेनासे झाले होते. आम्हाला आठवड्याला शंभर रॅपिड स्केचेस द्यावी लागत. पहिल्या वर्षी त्यासाठी मी दादर स्थानकाच्या पुलावर तासन्‌तास उभी राहत असे आणि वेळ कसा गेला ते कळत नसे. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मी वसतिगृहाच्या खोलीत बसून, मोबाइलवरची छायाचित्रे पाहून, एका रात्रीत शंभराचा आकडा पुरा करू लागले. ती वही तपासून, सही होऊन परत आली. पकडली गेले असते तर जेवढे वाईट वाटले असते, त्याहून अधिक वाईट मला ती सही पाहून वाटले.

आमचे गाव सिंधुदुर्गात, कुडाळपासून थोडे आत आहे. तिथे काकांची गणपतीची शाळा आहे. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, की आमच्याकडे गणपतीच्या कारखान्याला ‘शाळा’ म्हणतात. पाऊस सुरू झाला की लोक आपापल्या घरचा लाकडी पाट शाळेत आणून देतात आणि त्या घरची मूर्ती त्याच पाटावर घडते. काकांकडे दीडशेच्या आसपास पाट येतात आणि कोणाचा कोणता, याची नोंद एका जुन्या वहीत असते.

घरी आल्यावर पहिले तीन आठवडे मी काहीही केले नाही. मग काकांना हात कमी पडू लागले म्हणून त्यांनी मला बोलावले आणि कॉलेजातल्या दोन वर्षांचा मान राखून नागपंचमीचे नाग करायला बसवले. (हे काम आमच्याकडे चौथीतली मुलेही करतात.) वेटोळे वळायचे, फणा उभारायचा आणि वाळताना तो मागे कलंडू नये म्हणून तळाशी माती किती ठेवायची याचा अंदाज घ्यायचा. माझे पहिले अकरा नाग आडवे झाले. बारावा उभा राहिला, तेव्हा दुपारचे जेवण राहून गेल्याचे माझ्या लक्षात आले.

चतुर्थीला नऊ दिवस उरले असताना काकांनी मला आखणीला बसवले. आखणी म्हणजे डोळे. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवून, शून्य नंबरच्या ब्रशाने आधी वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायची, मग खालची, मग बुबुळ, आणि सर्वांत शेवटी पांढरा ठिपका. पहिल्या मूर्तीचे दोन्ही डोळे मी अगदी मोजून मापून काढले आणि कौतुकाच्या अपेक्षेने काकांकडे पाहिले. ते म्हणाले, “चेडवा, वायच जमनीर बसान बघ.” मी जमिनीवर बसून वर पाहिले, तर गणपती माझ्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीकडे पाहत होता. मग त्यांनी तो पाट कोणाचा ते विचारले. मी वहीतले नाव वाचून दाखवल्यावर म्हणाले, की त्या घरी गणपती उंच टेबलावर बसतो आणि घरातली म्हातारी खाली बसूनच आरती करते, तेव्हा नजर खाली आण. कोणाच्या घरी गणपती किती उंचीवर बसतो, हे त्यांना बहुतेक सगळ्यांचे तोंडपाठ होते.

त्या रात्री, कोणी सांगितलेले नसताना, मी बऱ्याच महिन्यांनी वही उघडली आणि खाली बसून वर पाहणारी एक म्हातारी काढली. तेव्हापासून आजवर चार वह्या भरल्या आहेत. चित्रे मोजलेली नाहीत.

आता जूनमध्ये पुन्हा प्रवेश घ्यावा का? घेतला, तर ही गोडी तिथे टिकेल का? ज्यांनी कलाशिक्षण मध्येच थांबवले, किंवा थांबवून पुन्हा सुरू केले, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

अर्धाकप
कॉलेजला सुट्टी देऊन शाळेत जाणारी विद्यार्थिनी पहिल्यांदाच पाहिली. पहिल्या अकरा नागांच्या आत्म्यास शांती लाभो.

गणिती
मी अभियंता आहे आणि एका कॉलेजकन्येचा बाप आहे, त्यामुळे माझा प्रश्न रूक्ष वाटेल. ही सुट्टी तुम्ही लेखी अर्ज देऊन घेतली आहे, की नुसत्या गेलाच नाहीत? खंड किती काळाचा चालतो आणि पुन्हा नोंदणीसाठी काय लागते, हे विद्यापीठाच्या नियमात पाहून घ्या. मध्येच अभ्यासक्रम बदलला असेल, तर दुसऱ्या वर्षाचे काही विषय पुन्हा गळ्यात पडू शकतात. गोडीचा विचार सावकाश करता येतो, पण अर्जाची मुदत गेली की ती गेलीच.

खडूफळा
माझ्या नातीच्या वयाची आहेस म्हणून एकेरी लिहितो.

मी सातारा जिल्ह्यातल्या शाळांमधून चौतीस वर्षे चित्रकला शिकवली. तुझ्या वहीवरच्या त्या सहीबद्दल वाचले आणि मला माझ्याच सह्या आठवल्या. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांत स्मरणचित्र नावाचा विषय असतो. मुलाने स्वतः पाहिलेला, त्याच्या आठवणीत राहिलेला प्रसंग त्याने कागदावर आणावा, अशी त्यामागची कल्पना आहे. प्रत्यक्षात आम्ही काय करत होतो? शाळेचा निकाल चांगला लागावा आणि मुलांना दहावीत वाढीव गुण मिळावेत म्हणून आम्ही त्यांच्याकडून भाजीबाजार, पतंग उडवणारी मुले आणि बसथांबा अशी तीन चित्रे घोटून घेत असू. उजवीकडे झाड, डावीकडे पाठमोरी बाई, मागे दोन घरे. विषय कोणताही येवो, झाड आणि बाई जागच्या जागी. स्मरणचित्र त्या मुलांचे असे आणि स्मरण माझे असे. एकदा एका मुलाने बाजाराऐवजी पुराच्या पाण्यात बुडालेले स्वतःच्या घरचे जाते काढले. सराव परीक्षेत मी त्याला ‘विषयाला धरून नाही’ असा शेरा दिला. तो आज काय करतो ते मला ठाऊक नाही, पण ते जाते माझ्या डोळ्यांसमोरून हललेले नाही.

माझ्या स्वतःच्या शिक्षणातही खंड पडला होता. वडील आजारी होते म्हणून पायाभूत वर्षानंतर मी घरी आलो आणि वर्षभर कराडमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवल्या. ‘किराणा व भुसार’ ही अक्षरे मी इतक्या वेळा लिहिली आहेत, की ‘भु’चा उकार झोपेतही चुकणार नाही. परत गेलो तेव्हा अक्षरलेखनाच्या वर्गात पहिल्यांदा सरांनी माझा कागद भिंतीवर लावला. म्हणून माझे मत असे, की परत जावे. बाहेर मिळालेला हात आत गेल्यावर जास्त उपयोगी पडतो.

तिरकसरेघ
थोडे विरोधी सूर लावतो, राग मानू नये.

सुट्टीत सगळेच गोड लागते. ओलीमातीने नऊ दिवस आखणी केली. तिचे काका तीस-चाळीस वर्षे करत असतील. नऊ दिवसांच्या आनंदाची दोन वर्षांच्या कंटाळ्याशी तुलना करणे हा न्याय नव्हे. मी ॲनिमेशनच्या स्टुडिओत आहे. पहिल्या महिन्यात एका पात्राच्या चालण्याच्या चित्रचौकटी काढताना मी असाच भारावलो होतो आणि तिसऱ्या वर्षी त्याच पात्राला खड्ड्यात ढकलावेसे वाटत होते. शिवाय काकांकडे मुदत नाही, असे थोडेच आहे? चतुर्थी पुढे ढकलता येत नाही. कॉलेजच्या सबमिशनला निदान आजारपणाचे प्रमाणपत्र तरी चालते.

मला वाटते, तुमची गोडी परत आली ती मातीमुळे किंवा काकांमुळे नव्हे, तर आधीचे तीन आठवडे तुम्ही काहीच केले नाही म्हणून. थकवा होता, तो गेला. जूनमध्ये निमूट प्रवेश घ्या.

दूरदेशी
तिरकसरेघ यांच्या ‘थकवा होता’ या म्हणण्याला एक दाखला जोडते. फ्रेंच चित्रकार आंरी मातिस आधी वकिलाच्या कचेरीत कारकुनी करत होता. १८९० च्या सुमारास आंत्रपुच्छाच्या दुखण्याने तो अंथरुणाला खिळला, तेव्हा वेळ घालवायला म्हणून आईने त्याला रंगांची पेटी आणून दिली. तोवर त्याचा चित्रकलेशी फारसा संबंध नव्हता. सक्तीची विश्रांती मिळाली नसती, तर तो कदाचित दस्तऐवजच लिहीत राहिला असता.

तिरकसरेघ
@दूरदेशी, दाखला उत्तम आहे, पण अर्धाच दिलात. त्या दुखण्यानंतर १८९१ मध्ये तो पॅरिसला गेला आणि रीतसर चित्रकला शिकू लागला. म्हणजे बरा झाल्यावर त्याने आधी प्रवेश घेतला.

अर्धाकप
थोडक्यात, मुदत संपण्याआधी अर्ज भरला. गणिती साहेब खूश.

पेणकर
धागा वाचून आनंद झाला आणि थोडी चीडही आली. चीड ओलीमातीवर नाही.

माझा जन्म पेणच्या कारखान्यातला. आमच्याकडे आणि आसपासच्या हमरापूर, जोहे या गावांत वर्षभर मूर्तींचे काम चालते आणि त्या मूर्ती देशभर आणि परदेशीही जातात. माझे वडील आखणी करत. हंगामात दुपारी बसले की रात्री उशिरा उठत, मान एका बाजूला कलती ती कायमचीच, आणि मोबदला नगावर. मीही सहा हंगाम हे काम केले. मूर्ती रांगेने पुढे येत, डोळे झाले की पुढे सरकत. ती कोणाच्या घरी जाणार, टेबलावर बसणार की कोनाड्यात, समोर म्हातारी असणार की मांडवातली हजार माणसे, हे आम्हाला कधीच कळत नसे. म्हणून वडिलांनी शिकवले होते, की नजर मध्यम ठेवायची, म्हणजे मूर्ती कुठेही खपते. ओलीमातीच्या काकांना दीडशे घरांच्या उंची पाठ आहेत, हे वाचून मी खुर्चीत मागे रेललो. आमच्या धंद्यात हे कोणाला परवडले नसते.

तेव्हा ‘कॉलेज कोरडे आणि गणपतीचे काम रसाळ’ असे कोणी समजू नये. माझ्या सहा हंगामांत एकदाही मला रात्री घरी येऊन वही उघडावीशी वाटली नाही. शेवटी मी ते सोडले आणि आता संगणकावर लग्नपत्रिका करतो.

ओलीमाती
सगळ्यांचे मनापासून आभार. गणिती काका, सुट्टीचा अर्ज लेखी दिला आहे आणि पोचही आहे.

पेणकर दादा, तुमचा प्रतिसाद मी काकांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, की आपल्यालाही हे परवडत नाही, शेती आहे म्हणून चालते. मला हे आजवर माहीतच नव्हते. मला वाटत होते की शाळेवर घर चालते.

तिरकसरेघ यांचा मुद्दा मी दोन दिवस डोक्यात घोळवला. विश्रांतीमुळे थकवा गेला, हे खरेच आहे. पण त्या तीन आठवड्यांच्या शेवटी मला बरे वाटत होते, झोप लागत होती, जेवण जात होते, तरी चित्र काढावेसे वाटत नव्हते. ते वाटले जमिनीवर बसून वर पाहिल्यावर. मुदतीचा जाच काकांकडेही होता. शेवटच्या आठवड्यात पाऊस इतका होता, की मूर्ती वाळेनात आणि आम्ही रात्रभर शेगडी पेटवून, कुठल्या मूर्तीला तडा जातो का, ते आळीपाळीने पाहत होतो. मी तेव्हा वैतागलेही होते. पण कोणासाठी जागत आहोत हे ठाऊक होते. कॉलेजात मला चित्र कोण तपासणार ते माहीत असे. ते कोण पाहणार, हे कधी मनातच आले नाही.

निरामय
डॉक्टर या नात्याने एवढेच लिहितो. आवडीच्या एका कामाचा कंटाळा येणे आणि सगळ्याच गोष्टींतला रस जाणे, या दोन वेगळ्या स्थिती आहेत. झोप, भूक, माणसांत मिसळणे हे सगळे आठवडेच्या आठवडे बिघडलेले असेल, तर ‘सुट्टी घे, बरे वाटेल’ असा सल्ला देऊ नये, डॉक्टरांना दाखवावे. ओलीमातीच्या वरच्या प्रतिसादावरून तिच्या बाबतीत तसे दिसत नाही; परंतु हा धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या बाबतीत असू शकेल, म्हणून लिहिले.

सुईदोरा
मी उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला असताना लग्न ठरले. एक वर्षाची सुट्टी घेतली आणि ती अकरा वर्षांची झाली. घरी कोणी अडवले नव्हते, हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टीत लोक लगेच सासरच्यांना खलनायक ठरवतात. दरवर्षी जून येई आणि दरवर्षी त्या जूनला काहीतरी असे. धाकट्याचे बारसे, दिरांचे लग्न, घराची गळती. माझेही हात कागदाला लागत नव्हते, आणि नंतर नंतर मलाच कागदाची भीती वाटू लागली. त्या अकरा वर्षांत मी सलग काही काढले असेल तर ती दारातली ठिपक्यांची रांगोळी. तिला मी चित्र समजतच नव्हते.

धाकटा शाळेत जाऊ लागल्यावर इचलकरंजीत एका ओळखीच्या यंत्रमागवाल्यांना साडीच्या काठाचे नमुने हवे होते. मी रांगोळीच्या वहीतलेच चार नमुने चौकटीच्या कागदावर उतरवून दिले. ठिपक्यांची सवय असल्यामुळे नमुना कुठे संपतो आणि पुन्हा कुठे जोडला जातो, हे मला आखणीशिवाय दिसत होते. (ही आमची आखणी, मूर्तीची नव्हे.) महिन्याभराने बसमध्ये पुढच्या बाकावरच्या बाईच्या अंगावर तो काठ दिसला. माझा थांबा आला तरी मी उतरले नाही, तिच्या मागोमाग दोन थांबे पुढे गेले. नंतर राहिलेली पदविका पूर्ण केली, वर्गातल्या मुली मला मावशी म्हणत.

ओलीमाती, सुट्टी घेतलीस ते छानच केलेस, पण तिला शेवटची तारीख असू दे. माझ्या सुट्टीला ती नव्हती.

सावंतवाडीकर
शेजारच्या तालुक्यातला म्हणून थोडे अवांतर. सुट्टी आहे तोवर सावंतवाडीच्या राजवाड्यात जाऊन गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, करणारे कारागीर जरूर पाहा. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० गोल पाने असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, आणि प्रत्येक पान हाताने रंगवतात. गेल्या शतकात ही कला जवळजवळ संपलीच होती. १९७० च्या दशकात राजघराण्याने पुढाकार घेऊन ती पुन्हा उभी केली. तिथल्या कारागिराला बोटभर जागेत मत्स्यावतार काढताना पाहिले, की शंभर स्केचेसचे दुःख हलके होईल. पिंगुळी तर तुमच्या दारातच आहे. चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या तिथल्या चित्रकथी परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

एक शंका आहे. काकांकडचे शून्य नंबरचे ब्रश कशाचे असतात? पूर्वी आमच्याकडे लोक मुंगसाच्या केसांच्या ब्रशाची फार तारीफ करत.

ओलीमाती
काकांकडे असे दोन जुने ब्रश आहेत, पण ते डब्यात बंद आहेत. आम्ही कृत्रिम केसांचेच वापरतो. टोक लवकर फुटते, म्हणून काका ते साबणाच्या फेसात बुडवून, बोटांनी टोक वळून, तसेच वाळवतात.

खडूफळा
मुंगसाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे आणि त्या केसांचे ब्रश विकणे हा गुन्हा आहे. आमच्या पिढीने ते खूप वापरले, त्याची आता लाज वाटते. त्या केसांसाठी जनावर मारले जाते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही कधी विचारले नव्हते.

मूळ विषयाकडे येतो. पेणकरांनी एकसारख्या कामाबद्दल लिहिले आणि ओलीमातीनेही शंभराच्या आकड्याबद्दल लिहिले, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. १८७२ ते १८८५ या काळात जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करून घेत. पेस्तनजी बोमनजी त्यांत होते. अंधाऱ्या लेण्यांत, दुसऱ्याच्या रेषेवरून रेषा ओढायची. पुढे त्यांतल्या बऱ्याच नकला लंडनमध्ये आगीत जळाल्या. पण पेस्तनजींचा हात त्या नकलांतून तयार झाला, तो कसा जळेल? पुन्हा पुन्हा तेच काढणे वाईट नसते. न पाहता काढणे वाईट. तू खोलीत बसून शंभर स्केचेस केलीस, तेव्हा तू पाहणे सोडले होतेस.

आणि आता ज्यासाठी हा प्रतिसाद लिहायला घेतला तो मुद्दा. काकांनी तुला खाली बसून पाहायला सांगितले. तू वर पाहिलेस आणि चूक काय झाली हे एका क्षणात तुला कळले. चौथीतल्या मुलाला तिथे बसवले असते, तर त्याला गणपती छान दिसला असता, बस. तुला कळले, कारण यथार्थदर्शनाच्या (पर्स्पेक्टिव्हच्या) तासाला कोणीतरी तुझ्याकडून नेत्रपातळीची आडवी रेघ शेकडो वेळा मारून घेतली होती. काकांना जे घराघरांतून हिंडून उमगले, तेच तुला वर्गात शिकवले होते. फक्त त्या वर्गात म्हातारी नव्हती.

ओलीमाती
सर, यथार्थदर्शनात मला काठावरचे गुण होते. आता हसू येते आहे.

तिरकसरेघ
खडूफळा सरांनी माझ्या मुद्द्याची बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली, याची नोंद व्हावी.

दूरदेशी
मातिसवरून टोमणे खाल्ल्यानंतर आता घरचा दाखला देते. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांना १९८४ मध्ये अपघात झाला आणि त्यानंतर काही वर्षे त्यांना मोठे कॅनव्हास हाताळता येत नव्हते. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान लहान रेखाटने केली आणि नंतर ते पुन्हा तैलरंगांकडे वळले. ते आधीपासूनच वर्षाकाठी मोजकी चित्रे करणारे होते, त्यामुळे त्यांच्या खंडाला खंड म्हणावे का, हाही प्रश्नच आहे. मला आवडते ते हे, की कॅनव्हास नाही तर कागद, असे म्हणून त्यांनी आकार लहान केला. ओलीमातीचे नागही मला त्याच जातीचे वाटले.

अर्धाकप
गायतोंड्यांची शाई आणि आडवे झालेले अकरा नाग एका वाक्यात आले. हा धागा वाचनखुणेत साठवला आहे.

ओलीमाती
तीन महिन्यांनी धागा वर काढत आहे, क्षमस्व.

सुईदोरा ताईंचा प्रतिसाद वाचला त्याच आठवड्यात अर्ज भरला आणि आता तिसऱ्या वर्षाला बसते आहे. मात्र मे महिन्यात आणखी एक काम केले. काकांची वही आणि मोजपट्टी घेऊन मी घराघरांत गेले आणि गणपती कुठे बसतो, जमिनीपासून किती उंचीवर, समोर घरातले सर्वांत म्हातारे माणूस कुठे बसते, हे टिपून प्रत्येक ठिकाणाहून एकेक रेखाटन केले. बेचाळीस घरे झाली. काकांची पाठांतरातली उंची आणि मोजपट्टीवरची उंची यांत बहुतेक ठिकाणी चार बोटांपेक्षा जास्त फरक नव्हता. तीन घरांत मात्र म्हातारे माणूस आता नाही, आणि हे काकांना माहीत असूनही ते नजर खालीच ठेवतात. मी कारण विचारले, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि ब्रश धुवायला घेतला.

ही बेचाळीस रेखाटने घेऊन मी यंदाच्या कंपोझिशनसाठी विषय मांडला. एका सरांना तो लोककलेचा वाटला, रंगकलेचा नाही. दुसऱ्या बाईंनी एक तास बसून सगळी रेखाटने पाहिली आणि गणपती काढूच नकोस, त्याला दिसते ते काढ, असे सुचवले. मी आता त्या खोल्या वरून, त्याच्या जागेवरून काढते आहे. पहिली दोन फसली आहेत. तिसऱ्यात खाली बसलेल्या म्हातारीचे कपाळ आणि केसांचा भांग बरा आला आहे.

शंभर स्केचेस अजूनही द्यावी लागतात. दर शनिवारी पुलावर जाते. काही आठवडे चांगले जातात. गेल्या आठवड्यात मात्र पाऊस होता, कंटाळा आला होता, आणि शेवटची वीस मी सरळ बाकांवरच्या छत्र्यांची काढली. निदान छत्र्या खऱ्या होत्या.

पेणकर
त्या तीन घरांबद्दल वाचून वडिलांना फोन केला. ते म्हणाले, तुझ्या काकांना माझा नमस्कार सांग.

सुईदोरा
त्या बाईंचे नाव नको, पण त्यांना माझ्याकडून एक साडी. काठ माझा.

अर्धाकप
हे सर्व ठीक आहे. चतुर्थीच्या आखणीला गावी जायचे तिकीट काढले का?

ओलीमाती
साठ दिवस आधी आरक्षण खुले होते, आणि नेमक्या त्याच वेळी हेड स्टडीचा तास होता. समोर मॉडेल बसलेले असताना उठता येईना. दहा मिनिटांनी मोबाइल पाहिला, तर प्रतीक्षा यादीत २१४ वा क्रमांक. काकांना कळवले. ते म्हणाले, “एसटीन ये.”

पेणकर
एसटी पेणवरूनच जाते. आमच्या कारखान्यात आखणीला माणूस हवाच आहे, दोन दिवस उतरून जा. नजर मात्र मध्यम.